जुन्या गाडीत स्टिरिओ बसवायचाय? सुरुवात वायरींपासून करा

आमच्याकडे 2003 सालची मारुती झेन एलएक्स आहे. बाबांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही. आणि रोज पुण्यात नऱ्हे ते खडकी जायचं, म्हणून गाण्यांशिवाय चालवायचीही नाही. तिच्यातला डेक शेवटी शेवटी कॅसेट गिळायला लागला होता. त्याच्या जागी ब्लूटूथवाला स्टिरिओ बसवायचं काम आम्ही एकदा नाही, तीनदा केलं. पहिल्यांदा ॲक्सेसरीच्या दुकानात, चाळीस मिनिटांत. दुसऱ्यांदा ओळखीच्या वायरमनकडे, कारण दुकानातून आणल्यापासून बॅटरी दर चार दिवसांनी उतरायला लागली होती. तिसऱ्यांदा मी स्वतः, दोन रविवार घालवून.

नव्या गाडीत स्टिरिओ बदलणं म्हणजे सॉकेट काढायचं, सॉकेट लावायचं. जुन्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे वीस वर्षांत तीन-चार जणांनी आपापली कला दाखवलेली असते. ती आधी निस्तरावी लागते. वेळ तिथे घाला. समोरचा डबा कुठलाही चालतो.

हाताशी काय हवं

सगळ्यात आधी मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटलही पुरतो. घरातला टेस्टर घेऊन बसू नका, तो 230 व्होल्टसाठी असतो. गाडीच्या 12 व्होल्टवर त्याचा दिवा लागतच नाही. मी पहिला अर्धा तास 'एकाही वायरीत करंट नाही' असं म्हणत घालवला होता.

त्याशिवाय 10 नंबरचा पाना, चार फुलीचे लहान-मोठे स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचा कटर, सोल्डरिंग गन, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरीवर आवळते ती), केबल टाय, सुटे फ्यूज, सँडपेपरचा तुकडा, इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून, आणि भिंतीवरच्या घड्याळातला एक पेन्सिल सेल. बल्ब आणि सेल कशाला, ते पुढे येईल. स्क्रू ठेवायला जुना बर्फाचा ट्रे घ्या, प्रत्येक खणात एका जागचे स्क्रू. हे न केल्यामुळे माझ्याकडे अजून दोन स्क्रू उरलेले आहेत आणि ते कुठले, ते देवाला माहीत.

कागदांत फक्त तीन गोष्टी: स्टिरिओचं जीएसटी बिल (त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या), शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि विम्याची पॉलिसी. पॉलिसी कशाला, ते शेवटी.

1. आधी गाडीची तब्येत बघा

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॅटरीवर मीटर लावा. 12.6 च्या आसपास दिसलं तर बॅटरी ठणठणीत. मग गाडी चालू करा. आता 13.8 ते 14.4 दिसायला हवं. आकडा वर चढलाच नाही, तर बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर काम करत नाही. स्टिरिओ विसरा आणि आधी ते काम करून घ्या. नाहीतर नंतर कधीतरी बॅटरी उतरेल आणि सगळा दोष स्टिरिओच्या माथी येईल.

गाडीला सीएनजी किट असेल, तर किटच्या वायरी कुठून कुठे जातात ते आजच बघून ठेवा. त्या वायरींवर किंवा त्यांच्या फ्यूजवर स्टिरिओचं काहीही जोडायचं नाही.

2. जागा मोजा

जुन्या गाड्यांत बहुतेक सिंगल डिनची खाच असते: साधारण 180 मिलिमीटर रुंद, 50 उंच. 'डिन' म्हणजे जर्मन मानक संस्थेच्या नावाची आद्याक्षरं; माप त्यांचं, वापरतं सगळं जग. मोठा टचस्क्रीन डबल डिन असतो, त्याची उंची दुप्पट. दुकानदार म्हणेल, "डॅश थोडा कापला की बसतो, साहेब." कापू देऊ नका. वीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक कापलं की तडा कुठपर्यंत जाईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि नवा डॅश भंगारवाल्याकडेच शोधावा लागतो.

रुंदी-उंची सगळे मोजतात, खोली कुणी मोजत नाही. खाचेत पट्टी घालून मागच्या हीटरच्या डक्टपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून वायरींसाठी चार-पाच सेंटिमीटर वजा करा. सीडी प्लेअर नसलेले स्टिरिओ खोलीला निम्मे असतात. जुन्या गाडीत हा मोठाच फायदा आहे.

3. खरेदी

खोक्यावर ठळक अक्षरांत '4 × 50 वॉट' लिहिलेलं असतं. स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज बघा: बहुतेक वेळा 10 अँपिअर. 10 गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 140 वॉट, तेही डिस्प्ले आणि उष्णता धरून. त्यातून 200 वॉट आवाज येणार कुठून? सलग मिळणारी खरी ताकद चॅनलमागे 15 ते 20 वॉट असते. ती 'आरएमएस' या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेली असते. फक्त तोच आकडा वाचा.

म्हणून स्पीकर घेतानाही वॉटच्या मागे लागू नका. सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ती 90 डेसिबलच्या वर असेल, तर एवढ्याशा ताकदीवरही स्पीकर मोकळा वाजतो. 3 डेसिबल जास्त म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखं, आणि तेही फुकटात.

आणि पैसे पुढच्या दारांवर घाला. आपल्याकडे मागच्या पार्सल ट्रेवर बदामासारखे मोठे 6 × 9 इंची स्पीकर ठेवायची जुनी हौस आहे. गाणारा माणूस डोक्यामागून गातो, मागे बसलेल्याचे कान किटतात आणि ट्रे पापडासारखा थडथडतो. ठेवायचेच असतील तर खाली 12 मिलिमीटरचा प्लाय घालून नट-बोल्टने आवळा. ब्रेक मारल्यावर ते स्पीकर पुढे येऊ नयेत.

जुन्या बाजारातून, किंवा कुणी परदेशातून आणलेला सेट घेणार असाल तर थांबा. जपानमधल्या गाड्यांचे सेट एफएमला 76 मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन 90 च्या आसपास थांबतात. आपली स्टेशनं बहुतेक त्याच्या वर. अमेरिकन सेट फक्त 101.1, 101.3 अशा विषम दशांशांवर उड्या मारतात, त्यामुळे पुण्याची 101.0 वरची विविध भारती धड लागत नाही. मीडियम वेव्हलाही (सेटवर 'एएम' लिहितात तो) तेच: आपल्याकडे स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर आहेत, अमेरिकेत 10 च्या. बऱ्याच सेटमध्ये प्रदेश बदलायची सोय असते. ती आहे का, हे पैसे देण्याआधी लावून बघा. आणि स्वस्तातल्या नव्या सेटमध्ये मीडियम वेव्ह नसतोच. आमच्या घरी यावरून आठवडाभर अबोला होता. बाबांना गाडीत बसल्या बसल्या आकाशवाणीचं 792 लागत होतं, आणि मी आणलेल्या चकचकीत सेटवर एएमचं बटणच नव्हतं.

4. बॅटरी सोडवा, जुना डेक काढा

आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल. नेहमी मायनसच. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. मायनस आधीच सुटलेलं असेल तर काही होत नाही. गाडीला एअरबॅग असेल, तर टर्मिनल काढल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना हात लावू नका.

डेक बाहेर ओढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. अर्धा बाहेर आल्यावर पुन्हा, आणि वायरी सुटण्याआधी पुन्हा एकदा. आमच्या डेकच्या मागे जे निघालं ते असं: तीन रंगांच्या इन्सुलेशन टेप, त्यातली एक वितळून काळा गूळ झालेली, पीळ देऊन जोडलेल्या आठ वायरी, आणि एक लाल वायर, जी कुठेच जोडलेली नव्हती पण तिच्यात 12 व्होल्ट होते. उघडं टोक, हीटरच्या लोखंडी पट्टीपासून बोटभर लांब. गाडी वीस वर्षं तशीच फिरत होती.

5. वायरी ओळखा

इथे घाई करू नका. सगळा गोंधळ इथेच होतो.

नव्या स्टिरिओच्या बाजूचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी म्हणजे कायमचे 12 व्होल्ट, स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवायला. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे 12 व्होल्ट. काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. निळी अँटेनाला, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला चालू करायला. नारिंगी हेडलाइटबरोबर डिस्प्ले मंद करायला. स्पीकर: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या स्पीकरची मायनस.

गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र काडीचाही विश्वास ठेवू नका. बॅटरी पुन्हा जोडा, सगळी टोकं एकमेकांपासून लांब ठेवा आणि मीटर घ्या. चावी बंद असतानाही 12 दाखवते ती कायमची. चावी पहिल्या खटक्यावर नेल्यावरच जागी होते ती ॲक्सेसरीची. प्रत्येकीला कागदी चिकटपट्टी लावून पेनने नाव लिहा.

पहिल्या दुकानदाराने पिवळी आणि लाल, दोन्ही कायमच्या वायरीवर एकत्र जोडल्या होत्या. चावी काढली तरी सेट अर्धवट जागाच राहायचा. हिशेब सोपा आहे: 35 अँपिअर-तासांची बॅटरी आणि 300 मिलिअँपिअरची गळती, म्हणजे रोज सात अँपिअर-तासांच्या वर जातात. चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता 'टक' करतो.

आता तो बल्ब. मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नाही. आतून गंजून एक केस शिल्लक असला तरी मीटर 12 च दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. वायरीवर इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. लख्ख पेटला तर वायर घ्या. मिणमिणला तर ती सोडून फ्यूज बॉक्सपासून नवी ओढा.

आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खूप जुन्या डेकमध्ये स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करून थेट बॉडीला अर्थ केलेल्या असत. आताच्या स्टिरिओत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी सेटमधूनच चालवल्या जातात. त्यांतली एक जरी बॉडीला लागली तर सेटमधली आयसी (चिप) जळू शकते, आणि याची वॉरंटी कुणी देत नाही. बॅटरी पुन्हा सोडवा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक स्पीकरच्या वायरीला, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला. 'टीं' वाजलं तर ती वायर बाद. खरं सांगायचं तर वीस वर्षांच्या गाडीत चारही स्पीकरना नव्याच वायरी टाका. दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे.

6. जोडणी

पीळ देऊन वर टेप, हे चालणार नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशमागे टेपचा गोंद पाघळतो, टेप सरकते आणि टोकं मोकळी होतात. सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. ट्यूब जोड देण्याआधी वायरीत ओवायची असते. हे तुम्ही एकदा तरी विसराल. सेटबरोबर आलेला कनेक्टर कापू नका. गाडीच्या बाजूला तसाच आयएसओ (प्रमाणित मापाचा) सॉकेट जोडलात, तर पुढच्या वेळी सेट बदलायला पाच मिनिटं लागतील.

अर्थ स्वतंत्र घ्या. आमच्या वायरमनने काळी वायर डॅशच्या एका रंगवलेल्या स्क्रूखाली दाबली होती. गाडी उभी असताना आवाज छान. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा सूर, इंजिन चढेल तसा चढणारा. तक्रार केली तर म्हणाला, "जुनी गाडी आहे दादा, एवढं चालायचंच." सँडपेपरने बॉडीचा रंग घासून लोखंड उघडं केलं, गोल टर्मिनल लावून बोल्टखाली आवळलं, वर ग्रीसचं बोट फिरवलं. डास गेला.

7. दारं आणि स्पीकर

काच हाताने फिरवायची असेल तर आधी तो दांडा काढावा लागतो, आणि त्याचा स्क्रू दिसतच नाही. मागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते. जुन्या बनियनची पट्टी घ्या, दांडा आणि डोअर पॅडच्या मध्ये खुपसा आणि बूट पुसतो तशी डावी-उजवीकडे ओढा. क्लिप कपड्यात अडकून निसटते, आणि निसटते म्हणजे उडते. दुसरा हात वर धरा.

पॅड काढल्यावर दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. 'हा कशाला' म्हणून फाडू नका. काचेवरून दारात उतरलेलं पावसाचं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो. नीट सोडवा, काम झालं की पुन्हा चिकटवा. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं आहेत, तीही मोकळी ठेवा. तिथे गंज दिसला तर आत्ताच घासून प्रायमर मारा, दार पुन्हा कधी उघडाल सांगता येत नाही.

स्पीकर बसवण्याआधी काच पूर्ण खाली घ्या आणि मग बघा, मागचा मॅग्नेट काचेला लागतो का. मी काच वर असताना स्पीकर बसवला, आठही स्क्रू आवळले, पॅड लावलं. पहिल्या टोलनाक्यावर काच निम्म्यावर येऊन अडकली. अडत असेल तर एक-दीड सेंटिमीटरची प्लायची किंवा प्लास्टिकची रिंग मध्ये घाला.

दारातून खांबात जाणारी वायर रबरी नळीतूनच न्या. जुनी वायर ओढून काढताना तिच्याच शेपटीला नवी बांधली की काम होतं; नसेल तर स्कूटरच्या क्लचची तार आत सरकवा. दार पूर्ण उघडून-मिटून वायर ताणत नाही ना, ते बघा.

दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीटचे (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट रबरी शीटचे) तीन-चार तुकडे लावा, बोटाने वाजवून जिथे पत्रा डब्यासारखा वाजतो तिथे. अख्खं दार मढवायची गरज नाही. छताच्या गळतीला लावतात ती डांबराची पट्टी स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात ती पाघळून दारात उतरते आणि वास महिनाभर जात नाही.

आता पेन्सिल सेल. स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर सेल टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे आहे तेच स्पीकरचं प्लस. आत गेला तर उलट. एक स्पीकर सरळ आणि एक उलटा लागला, तर दोन्ही वाजतात, पण एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो आणि ढोलकीचा ठेका हवेतच मरतो. लोक यालाच 'स्पीकरमध्ये बेस नाही' म्हणतात आणि दुकानात भांडायला जातात.

8. सेट बसवा

लोखंडी चौकट आधी खाचेत घालून तिच्या पट्ट्या आतून वाकवा, मग सेट सरकवा. मागच्या बोल्टला आधार द्या, नाहीतर खड्ड्यांत सेट मान टाकतो. चौकटीबरोबर दोन चपट्या पट्ट्या मिळतात, त्या सेट बाहेर काढायच्या किल्ल्या. त्या आरसीच्या पाकिटात ठेवा.

सेटला स्क्रीन असेल तर हँडब्रेकची एक वायर येते, गाडी थांबलेली असल्याशिवाय व्हिडिओ दिसू नये म्हणून. बरेच जण ती थेट अर्थ करून देतात. तुम्ही देऊ नका.

9. गळती मोजा

सगळं बंद करा, चावी काढा, दारं लावा. बॅटरीचं मायनस सोडवून मीटर 10 अँपिअरवर ठेवा आणि टर्मिनल व बॅटरीच्या मध्ये जोडा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मी दोन उडवले.

10. ॲम्प्लिफायर

महिनाभर आहे तसं ऐका. दारं आणि वायरी नीट झाल्यावर बहुतेकांना तो लागतच नाही. लागलाच तर बॅटरीपासून वेगळी जाड तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॉनेटमधल्या पत्र्यावर घासून ती उघडी पडली तर तो उडतो, नाहीतर गाडी पेटते. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. सिग्नलची केबल गाडीच्या एका बाजूने, पॉवरची दुसऱ्या बाजूने.

11. विमा

गाडीचा विमा सर्वसमावेशक असेल, तर बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. नाहीतर सेट चोरीला गेल्यावर काही मिळत नाही. जादा हप्ता किमतीच्या 4 टक्के, म्हणजे दहा हजारांच्या सामानाला चारशे रुपये. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा प्रश्नच येत नाही; पुढचा तोंडवळा सुटा होणारा सेट घ्या आणि उतरताना तो खिशात घाला.

शेवटी एक चक्कर मारा, खराब रस्त्यावर, आवाज थोडा मोठा करून. कुठूनतरी खरखर येईल. लगेच पॅड उघडू नका. शेजारी कुणाला तरी बसवून त्यांना एकेक वस्तू हाताने दाबायला सांगा: ग्लोव्ह बॉक्स, सनव्हायझर, डॅशबोर्डची बाजू. आमच्या गाडीत बाबा बसले होते. कात्रज ते नवले पूल त्यांनी डॅशबोर्डचा इंच न् इंच दाबून पाहिला. खरखर ॲशट्रेमधून येत होती. त्यात टोलसाठी ठेवलेली सात रुपयांची चिल्लर होती, त्यातली पन्नास पैशांची दोन नाणी.